आमच्या कॉलनीची ओपन स्पेस हातात आली, आता तिचं करायचं काय?

माळावरचा (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या कॉलनीत हेच चालू असेल, म्हणून सगळं लिहितो.

आमची कॉलनी कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला. ऐंशीच्या दशकात शेतजमीन बिनशेती होऊन प्लॉट पडले, त्यातली. मधोमध साधारण अकरा गुंठ्यांची ओपन स्पेस. आम्ही तिला नुसतं 'मोकळं' म्हणायचो. "कुठं निघालास?" "मोकळ्यात." उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सातला गेलेली पोरं आईनं दारातून हाक मारल्यावरच परत यायची. कोपऱ्यात एक जुनं करंजाचं झाड होतं आणि अजून आहे. विकेट म्हणून त्याचंच खोड.

मग आम्ही मोठे झालो, कामाधंद्याला लागलो आणि तिथं जाणं सुटलं. आमच्यामागच्या पोरांना क्लास लागले. आधी काँग्रेस गवत छातीभर वाढलं. मग कुणाकुणाच्या घराची खरमाती रात्रीत येऊन पडायला लागली. दोन बंद पडलेले टेम्पो आले. आणि मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिथं पत्र्याचा बोर्ड दिसला : 'सदर मिळकत खाजगी आहे. आत प्रवेश करू नये.'

माझ्या वडलांनी ओपन स्पेससमोरचा प्लॉट म्हणून त्या काळी जादा पैसे मोजून जागा घेतली होती. बोर्ड वाचून ते घरात आले, चप्पल तशीच पायात, आणि खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी आम्ही चार घरं एकत्र बसलो.

पुढचे सात महिने कागदांच्या मागं गेले. बोर्ड लावणाऱ्याचं म्हणणं एकच : सातबारावर आमच्या आजोबांचं नाव आहे. आणि ते खरं निघालं. प्लॉट विकले गेले, प्रत्येकाच्या नावचे फेरफार झाले, पण ओपन स्पेसचा फेरफार कुणी केलाच नव्हता. मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं. एका कार्यालयात गेलं की दुसरीकडं पाठवायचे, तिथून तिसरीकडं. शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला आणि मंजूर रेखांकन आणि बिनशेती आदेश, दोन्हीच्या साक्षांकित नकला मिळाल्या. आदेशाच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं की ही जागा कायम खुली ठेवायची, तिची विक्री किंवा पोटविभागणी करायची नाही. त्यावर हद्द कायम करायची मोजणी मागवली. मोजणीच्या दिवशी कॉलनीतली चाळीसएक माणसं उन्हात उभी होती. दोन बाजूंना मिळून दीड गुंठा आत घेतलेला निघाला. एक जण आमच्या गल्लीतलाच. त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःहून तारेचं कुंपण मागं घेतलं, त्याबद्दल त्यांचे इथं जाहीर आभार मानतो.

बोर्ड गेला. टेम्पो गेले. पाच रविवार लावून गवत उपटलं (काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत उपटा, नाहीतर एका झाडाचं हजारो बी पडतं आणि पुढच्या पावसात जिथल्या तिथं, आणि हातमोजे, तोंडाला रुमाल घाला, आमच्यातल्या दोघांच्या हातावर पुरळ उठलं). खरमातीचे नऊ ट्रॅक्टर बाहेर काढले.

आता मूळ प्रश्न. जागा स्वच्छ दिसल्यावर निधी द्यायला तयार असलेले लोक आले. प्रस्ताव असा : चारी बाजूंनी सहा फुटी भिंत, कडेनं पेव्हिंग ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, मधे लॉन, कारंजं, ओपन जिम, आणि कुलूप लागणारं गेट. सकाळी ५ ते ९, संध्याकाळी ५ ते ९ उघडं. कॉलनीतले निम्मे लोक खूश आहेत. मी नाही. पोरांनी खेळायचं कुठं, हा प्रश्न प्रस्तावात कुठंच नाही. पुढच्या रविवारी बैठक आहे. तुमच्या भागात असं काही झालं असेल तर अनुभव सांगा.

---

पेठकर
रविवार, रात्री १०.१५

भावा, आधी सात महिने चिकटून राहिल्याबद्दल मानलं.

माझं मत लगेच सांगतो. मैदान ते मैदान ठेवा. लॉन केलं की पहिला बोर्ड लागतो 'हिरवळीवर चालू नये', दुसरा 'चेंडू खेळण्यास मनाई'. मी शिवाजी पेठेत वाढलो. आमचं सगळं बालपण गांधी मैदानावर. सकाळी फुटबॉल, दुपारी क्रिकेटच्या एकावर एक चार मॅचा, कोण कुणाचा फिल्डर तेच कळायचं नाही, तरी कधी चुकलं नाही. कोल्हापूरचा फुटबॉल आज महाराष्ट्रात नाव काढतोय तो तालमीतल्या आणि मंडळांच्या पोरांनी मातीवर खेळून. त्या मातीला कुणी लॉन लावलं नव्हतं.

आणि अजून एक, मैदान म्हटलं की पाण्याचा विचार आधी करा. गांधी मैदान म्हणजे जुना वरुणतीर्थ तलाव, तो बुजवून केलेलं. आजही पावसाळ्यात तिथं तळं होतं आणि प्रॅक्टिस बंद पडते. तुमच्या जागेचा उतार कुठं आहे ते पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा, मग काय बांधायचं ते ठरवा.

---

रात्रपाळी
रविवार, रात्री ११.०५

मी कुलपाच्या बाजूचा. वाईट वाटून घेऊ नका, पण कारण आहे.

आमच्या कॉलनीतली बाग उघडी होती. मी रात्रपाळीवरून पहाटे येतो, तेव्हा रोज दारूच्या बाटल्या दिसायच्या. माझ्या भाचीच्या टाचेत काच गेली, पाच टाके पडले. त्यानंतर आम्ही गेट बसवलं, कुलूप लावलं. बाटल्या बंद झाल्या. आता बागेत येणारे कमी झाले हे मान्य, पण जे येतात ते निर्धास्त येतात. मोकळं ठेवा म्हणणं सोपं आहे, पहाटे काच वेचायला कुणीतरी लागतं.

---

नकाशेवाला
सोमवार, सकाळी ६.५०

माझी नोकरी मोजणी आणि नकाशांत गेली, म्हणून कागदांपुरतं बोलतो. धागाकर्त्यांनी केलं ते बरोबर, पण वाचणाऱ्या इतरांसाठी एक फरक सांगणं गरजेचं आहे. लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात आणि मग चुकीच्या दारात जातात.

एक असते ले-आउटमधली खुली जागा. जमीन मालक प्लॉट पाडतो तेव्हा मंजुरीच्या अटीत ती सोडावी लागते. सध्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (२०२० पासून लागू) ४००० चौरस मीटर म्हणजे साधारण चाळीस गुंठे किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राला १० टक्के जागा सोडायची आहे. ही जागा प्लॉटधारकांच्या उपभोगासाठी असते. तिची किंमत तुम्ही प्लॉट घेताना दिलेलीच आहे. वर्षं उलटली म्हणून ती मालकाकडं परत जात नाही.

दुसरं असतं विकास आराखड्यातलं आरक्षण. नकाशावर हिरवा रंग, 'बगीचा' किंवा 'खेळाचे मैदान' असं लिहिलेलं. ती जमीन अजून खाजगी मालकाचीच असते, ती मोबदला देऊन संपादन करायची असते. इथं घड्याळ चालू असतं. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक 'जमीन विकत घ्या' अशी खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. त्या दिवशी तुमच्या नकाशावरची बाग संपली, आणि बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यांना ते पाया खणायला सुरुवात झाल्यावर कळतं.

म्हणून आरक्षणाच्या जागेशेजारी राहणाऱ्यांनी नोटीस कधी लागली याची माहिती दर वर्षी मागावी. आरक्षण बदलायचा फेरफार निघाला तर हरकतीला महिनाभर मिळतो. त्या महिन्यात पन्नास लेखी हरकती पडणं आणि एकही न पडणं यात फार अंतर आहे.

बंगळुरूच्या एका खटल्याचा उल्लेख करतो. तिथं बागेसाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला दिली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं आणि बाग राखण्यासाठी दाद मागायचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. तुम्हाला कुणी "तुमचा काय संबंध?" असं विचारलं तर हे लक्षात असू द्या.

माळावरचा, अजून एक काम राहिलंय का बघा. मोजणी झाली, पण सातबारावरचं किंवा मिळकत पत्रिकेवरचं नाव बदललं का? तो फेरफार होईपर्यंत काम अर्धंच आहे.

---

माळावरचा
सोमवार, सकाळी ८.२०

नकाशेवाला काका, फेरफाराचा अर्ज दिलाय, नोंद अजून व्हायची आहे. तुम्ही आठवण केली ते बरं झालं, बोर्ड निघाल्यावर आम्ही सगळेच जरा सैल पडलो होतो. उद्याच जातो.

रात्रपाळी दादा, भाचीचं वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा बैठकीत तुमच्याच शब्दांत मांडतो.

---

शेजारीण
सोमवार, दुपारी २.३०

मला भिंतीबद्दल बोलायचं आहे. सहा फुटी भिंत अजिबात बांधू नका.

आमच्याकडं राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एका बागेला अशी भिंत आहे. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. परिणाम हा की दिवस मावळला की आम्ही बायका आत पाऊल टाकत नाही. आत कोण आहे ते बाहेरून कळत नाही, आणि आत काही झालं तर बाहेर कळणार नाही. बाटल्या फोडणाऱ्यालाही तीच आडोशाची जागा हवी असते. रात्रपाळी दादा, माझं म्हणणं आहे की कुलपानं जे साधलं ते उजेडानं आणि उघड्या नजरेनंही साधलं असतं. कमरेएवढा कट्टा, वर आरपार दिसणारी जाळी, आणि चारी कोपऱ्यांत दिवे. कट्टा बसण्याजोगा रुंद करा, म्हणजे रस्त्याच्या बाजूनं तोंड करून माणसं बसतील. आपल्याकडं कट्ट्यावर माणूस बसला की राखण आपोआप होते.

दुसरं गेट. बऱ्याच बागांना ते गोल फिरणारं नाहीतर नागमोडी गेट असतं, गाड्या आत जाऊ नयेत म्हणून. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. पाच वर्षं झाली, घरापासून दोनशे पावलांवर बाग आहे आणि त्या तिथं गेलेल्या नाहीत. मी त्यांना रिक्षानं रंकाळा तलावावर नेते, पदपथावर खुर्ची ढकलता येते म्हणून. पाण्याकडं बघत तासभर बसतात, भडंग खातात, परत येताना गप्पा मारतात. गेट करताना एक बाजू खुर्ची आणि बाळाची गाडी जाईल एवढी सरळ ठेवा. दुचाकी अडवायला मधे एक खांब पुरतो.

---

देवराई
सोमवार, रात्री ८.५५

झाडांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

त्या करंजाला हात लावू देऊ नका, आणि त्याच्या बुंध्याला पेव्हिंग ब्लॉक भिडवू देऊ नका. झाडाला मुळाशी हवाही लागते, पाणीही. शहरात रस्त्याकडेची झाडं वादळात कोसळतात, तेव्हा त्यांच्या खोडाभोवती बघा, बहुतेकदा गळ्यापर्यंत काँक्रीट असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुम्ही मीटरभर नको, दोन मीटर मोकळं सोडा. ट्रॅक मुरमाचाच करा, पाणी मारून रोलर फिरवला की चालायला उत्तम, पाऊस जिरतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांनाही ब्लॉकपेक्षा बरा.

फांद्या छाटायच्या असतील तरी आधी परवानगी घ्या. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा आपला कायदा १९७५ चा आहे आणि तो खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तुमचा करंज कॉलनीच्या आधीचा, शेताच्या बांधावरचा असेल तर तो त्यात बसेल. कॉलनीतल्या जुन्या माणसांना विचारून त्याचं वय लिहून ठेवा.

नवीन लावायची तर गुलमोहर टाळा. मादागास्करहून आलेलं झाड, दिसायला देखणं, पण लाकूड ठिसूळ. मुलं खेळणार त्या जागेवर नको. बकुळ लावा, हळू वाढते पण बारा महिने सावली देते. कडुलिंब, ताम्हण (आपलं राज्यफूल, एप्रिल-मे मध्ये जांभळं होतं), बहावा. मैदानाच्या मध्ये काही नको, सगळं कडेनं. पश्चिमेच्या बाजूला जास्त, संध्याकाळचं ऊन अडेल. खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्या, लावणी जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर. आणि रोपं मोजकीच लावा. दहा लावून दहा जगवणं हे शंभर लावून फोटो काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याची घरंवार यादी रोपं आणायच्या आधी करा.

---

गायरान
सोमवार, रात्री १०.३०

आम्ही शहराला लागून असलेल्या गावचे. तुमच्याकडं ओपन स्पेस, आमच्याकडं गायरान. दुखणं तेच. जनावरं कमी झाली, गायरानात कोण जाईनासं झालं, आणि कडेकडेनं खोल्या उठल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात सांगितलं की गावाची सामायिक जमीन बळकावलेली असेल तर ती गावाला परत करा, सगळ्या राज्यांनी तशी योजना करावी. निकाल चांगला आहे. पण ज्यांची घरं तिथं उभी आहेत त्यातले काही खरोखरच भूमिहीन आहेत, तेही आमचेच भाऊबंद. म्हणून आम्ही उरलेल्या जागेपुरतं बघायचं ठरवलं. उरलेल्या तुकड्यावर शाळेची पोरं रोज संध्याकाळी कबड्डी खेळतात, बाजूला गावचं वाळवण पडतं. तिथं पोरं दिसायला लागल्यापासून नवीन खोली उठलेली नाही.

---

पंचगंगाकाठ
मंगळवार, सकाळी ७.१५

थोडक्यात. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत आमच्या घरात पाणी होतं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या मोकळ्या जागा भराव टाकून उंच करू नका, एवढंच सांगायचं आहे. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. त्या रेषांच्या आतली जागा मैदान म्हणून, बाग म्हणून राहिली तर चार दिवस पाणी उभं राहील, ओसरलं की गाळ काढून पोरं परत खेळतील. तिथं इमारत झाली की ते पाणी आमच्या उंबऱ्याकडं वळतं.

---

टाऊनहॉल
मंगळवार, दुपारी ४.४०

बागेच्या वेळांबद्दल. ५ ते ९ आणि ५ ते ९ या वेळा चालायला येणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत. दुपारी बागेची गरज कुणाला असते ते बघायचं असेल तर टाऊन हॉलच्या बागेत एक वाजता जा. समोर सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना. गगनबावड्याकडून, राधानगरीकडून, शाहूवाडीकडून आलेले पेशंटचे नातेवाईक तिथल्या झाडांखाली भाकरी सोडून बसलेले असतात. माझे वडील सीपीआरमध्ये होते तेव्हा सतरा दिवस माझं जेवण तिथंच झालं. शेजारी बसलेल्या एका काकींनी रोज मला ठेचा वाढला, नाव विचारायचं राहूनच गेलं.

तुमच्या कॉलनीत दुपारी कोण येईल? धुणीभांडी करून दोन घरांच्या मधल्या वेळेत टेकणाऱ्या बायका, कुरिअरची पोरं, गवंडी. त्यांना कुलूप लागलेलं गेट दाखवू नका.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ९.००

शेजारीण ताईंचं वाचलं, काल आमच्या बागेत जाऊन बघितलं. खरं आहे, आमची भिंतही उंच आहे आणि आत एकच दिवा आहे, तोही झाडाआड. कुलूप काढा असं मी अजून म्हणणार नाही. पण दुपारी उघडं ठेवायला आणि जाळी बसवायला मंडळात विषय काढतो.

---

माळावरचा
रविवार, रात्री ८.१०

बैठक झाली. अडीच तास. काही ठरलं, काही राहिलं.

भिंत रद्द. कमरेएवढा कट्टा आणि वर जाळी. इथल्या प्रतिसादांची प्रिंट काढून नेली होती, शेजारीण ताईंचं वाचून दाखवल्यावर वरच्या गल्लीतल्या दोन आज्या पहिल्यांदाच बैठकीत बोलल्या. ट्रॅक मुरमाचा. करंजाभोवती दोन मीटर माती. कारंजं गेलं. बाजूचं गेट सरळ, खुर्ची जाईल एवढं, मधे खांब.

मैदानावरून मात्र वाजलं. ज्येष्ठ मंडळींना चेंडू लागायची भीती, ती खोटी नाही. गेल्या महिन्यातच एका आजोबांचा चष्मा फुटला. शेवटी पोरांनाच आत बोलावलं. सातवी-आठवीची पोरं, दारात घुटमळत होती. त्यातल्या एकानं सांगितलं की सहा ते सात आम्ही मऊ चेंडूनं खेळतो, तोवर आजोबांनी पलीकडच्या बाजूला चालावं, आणि काच फुटली तर आम्ही वर्गणी काढून भरू. आजोबा म्हणाले, भरायचं नको, पण रोज खेळायला या. त्यावर पुढं कुणी वाद घातला नाही.

कुलपाचं अनिर्णीत. रात्री दहा ते पहाटे पाच बंद, असं सहा महिने करून बघायचं म्हणतायत. मी विरोध नोंदवला, पण दुपारी उघडं राहणार आहे, त्यामुळं ताणलं नाही. ओपन जिमचंही पुढच्या बैठकीवर गेलंय. पाण्याच्या यादीत चौदा घरांची नावं आली, दहा रोपांना पुरतात.

फेरफाराची नोंद शुक्रवारी पडली. मिळालेला उतारा वडलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी करून प्लॉटच्या खरेदीखताच्या पिशवीत ठेवला.

---

देवराई
रविवार, रात्री ८.३५

माझ्याकडं बकुळीची चार रोपं आहेत, पिशवीतली, तीन वर्षांची. कधी आणू? आणि खड्डे घ्यायला यायची इच्छा आहे.

---

पेठकर
रविवार, रात्री ८.५०

मीपण येतो. आमच्या मंडळाची पाच-सहा पोरं आणतो, गोलपोस्टचे दोन जुने पाईप पडून आहेत, तेपण घेतो.

---

माळावरचा
रविवार, रात्री ९.०५

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला या, ऊन व्हायच्या आत खड्डे उरकू. रोपं मात्र जूनपर्यंत तुमच्याकडंच सावलीत ठेवा, देवराई. पेठकर, पाईप आणा, पोरांना अजून सांगत नाही. पाट्या आणि टिकाव आमच्याकडं आहेत, खोरी दोनच आहेत. ज्यांच्याकडं असेल त्यांनी खोरं घेऊन या. चहा-पोहे आमच्या घरी.